जीव घाबरतो, म्हणजे काय?

देवासच्या दवाखान्यात 'जीव घाबरतो' किंवा 'जी घबरा रहा है' असे ऐकताच मी प्रथम नाडी पाहतो. माझी थोरली भगिनी धारहून मेलबर्नला मुलाकडे स्थायिक झाली. तेथील डॉक्टरांना तिने तेच इंग्रजीत 'मला भीती वाटते' असे सांगितले. ईसीजी निघाला तो दुसऱ्या भेटीत, आणि ठोके अनियमित आढळले. ऑस्ट्रेलियात प्रौढ स्थलांतरितांसाठी १९४८ पासून सरकारी इंग्रजी वर्ग चालतात. ५१० तासांची मर्यादाही २०२१ मध्ये उठली. परंतु 'भीती' कोणती आणि कासाविशी कोणती, हे एकट्या भाषाशिक्षकाने कसे ओळखावे? परदेशी निघालेल्या आपल्या ज्येष्ठांसाठी धार-देवासच्या डॉक्टरांनी इंग्रजीच्या शिक्षकांसह बसून अशा तक्रारींचे शब्द जुळवावेत. ताईंसाठी मी अकरा शब्द लिहून धाडले आहेत. 'पित्त' मात्र अद्याप अडले आहे.