मशीन बंद केलं, म्हणजे धोका टळला?

पावसाळ्यात कोल्हापुरात बंगल्यांभोवतीची मेंदी आणि डुरांटा भराभर वाढतात, शेताच्या बांधावर गवत माजतं. विळा-कात्रीच्या जोडीला आता हेज ट्रिमर आणि ग्रास कटर आले आहेत. काम झटपट उरकतं. पण काही समजुती बोटांवर बेततात.

गैरसमज : बटण बंद केलं, की पात्यात अडकलेली काडी हातानं काढायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : बटण सोडल्यावरही पाती क्षणभर चालू राहतात. काडीनं अडलेलं पातं ती निघताच झटक्यात सरकू शकतं. चुकून बटण दाबलं गेलं तर मशीन पुन्हा सुरू होतं. पाती पूर्ण थांबल्यावर विजेच्या मशीनचा प्लग, बॅटरीवरच्या मशीनची बॅटरी किंवा पेट्रोल मशीनच्या स्पार्क प्लगची टोपी काढा. मगच काडी काढा, तीही पकडीनं.

गैरसमज : घरात एमसीबी आहे, शॉकची भीती नाही.

वस्तुस्थिती : एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटपासून वायरिंग वाचवतो. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच हवा. वायर खांद्यावरून पाठीमागे सोडा, म्हणजे पात्याखाली येणार नाही. झाडं ओली असताना विजेचं मशीन बाहेर काढूच नका. वायर कापली गेलीच, तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

गैरसमज : ग्रास कटरचा धोका फक्त चालवणाऱ्याला.

वस्तुस्थिती : पात्याला लागलेला खडा गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. आसपासची माणसं आणि जनावरं किमान 15 मीटर दूर हवीत. आधी दगड, तारा, बाटल्या वेचून घ्या. पात्यावरचं गार्ड काढू नका. डोळ्यांना संरक्षक गॉगल आणि पायांत बूट हवेतच. चप्पल चालणार नाही.

गैरसमज : तुटलेलं बोट थेट बर्फात ठेवावं, जखमेवर हळद दाबावी.

वस्तुस्थिती : बर्फाच्या थेट स्पर्शानं पेशी मरतात. बोट स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. जखमेवर हळद किंवा चहा पावडर नको. स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा आणि 108 ला फोन करा. बोट जोडण्याची शस्त्रक्रिया प्रत्येक दवाखान्यात होत नाही, म्हणून ती कुठं होते हे आधीच विचारून ठेवा. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताच्या लसीला 5 वर्षं उलटली असतील, तर पुन्हा डोस लागतो.

बऱ्याचदा मशीन मालकाचं आणि हात रोजंदारीवरच्या माळीदादांचे असतात. मशीन देणाऱ्यानं गॉगल, हातमोजे आणि बूटही द्यायलाच हवेत.