नवजात अर्भकाची गृहपरिचर्या : गडचिरोलीचा पुरावा आणि उल्हास खोऱ्यातील नगरे

एका प्रदेशात सिद्ध झालेली परिचर्यापद्धती दुसऱ्या प्रदेशात जशीच्या तशी लागू पडते काय, हा बालपरिचर्येच्या अभ्यासातील एक मूलभूत प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यास गडचिरोलीच्या प्रयोगाइतके बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने हा प्रयोग केला. त्या काळी तेथील बहुतेक प्रसूती घरीच होत आणि आजारी अर्भकास रुग्णालयात नेणारी कुटुंबे थोडी असत. १९९३ ते १९९५ या काळात प्रथम मृत्यूंची पद्धतशीर नोंद झाली. तदनंतर ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून टप्प्याटप्प्याने गृहपरिचर्या सुरू करण्यात आली. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. आरोग्यदूत घरी जाऊन अर्भकाचे वजन व तापमान घेई, त्यास उबदार ठेवणे व स्तनपान यांविषयी मातेला साहाय्य करी. जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास ती रुग्णालयात जाण्याचा सल्ला देई; कुटुंब न गेल्यास पालकांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे को-ट्रायमॉक्साझोल देई.

प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू सुमारे ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ५८ च्या आसपास होते, ते सुमारे ६० वरच राहिले. जंतुदोष झालेल्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि अनेक उपाय एकत्र योजले होते. म्हणून कोणत्या उपायाचा वाटा किती, हे केवळ एकूण मृत्युदरावरून सांगता येत नाही.

तथापि या पुराव्याचा प्रभाव दूरवर पोहोचला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी गृहभेटींचा पुरस्कार केला. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत गृहभेटींची योजना आखली. तीत रुग्णालयात प्रसूती झाल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट ठरली. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवशीची भेट अधिक. इंजेक्शनाचे काम मात्र आशांकडे आले नाही.

आता उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांकडे वळू. येथे रेल्वे व रुग्णालये जवळ असल्याने घरीच इंजेक्शन देण्याचे प्रयोजन बव्हंशी उरत नाही. परंतु रुग्णालय जवळ असले, तरी मूल दूध ओढेनासे झाले हे कोणाच्या तरी वेळेवर लक्षात यावे लागतेच. शिवाय पहिल्या बाळंतपणासाठी स्त्री माहेरी जाते आणि भाड्याच्या खोलीतील कुटुंब बिऱ्हाड हलवते. यादीत पत्ता सासरचा आणि बाळ मात्र माहेरी, असे झाल्यास तिसऱ्या व सातव्या दिवशीची भेट, म्हणजे सर्वाधिक मोलाची भेट, चुकते.

यावरून संशोधनाचा विषय स्पष्ट होतो. प्रसूतिगृहातून घरी जाताना बाळ पुढील ४२ दिवस कोठे राहणार हे लिहून घेऊन ते त्या भागातील कार्यकर्तीस कळवले, तर किती भेटी वेळेवर होतील? परिचर्येच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे मोजता येण्यासारखे आहे. गडचिरोलीतही आधी मोजणी झाली आणि मग उपचार. अनुकरण करावयाचे ते प्रथम या क्रमाचे.