कमाल-किमान तापमान आणि पिकाची तहान

मे महिन्यात पनवेलजवळच्या भाजीच्या मळ्याला रोज किती पाणी लागेल? जमिनीतून वाफ होऊन जाणारे आणि पानांवाटे बाहेर पडणारे पाणी यांच्या बेरजेला बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. ते नेमके काढण्यासाठी तापमान, आर्द्रता, वारा व ऊन या चारही गोष्टी मोजाव्या लागतात. शाळेत मात्र फार तर कमाल-किमान तापमापक असतो. तेवढ्यावर भागेल का?

हारग्रीव्हज आणि समानी यांनी १९८५ मध्ये अशाच अडचणीसाठी एक सूत्र दिले. सरासरी तापमानात १७.८ मिळवा. कमाल-किमान तापमानांतील फरकाच्या वर्गमूळाने गुणा. मग वातावरणाच्या माथ्यावर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेने (ती जेवढ्या पाण्याची वाफ करील, तेवढ्या मिलिमीटरमध्ये) आणि शेवटी ०.००२३ ने गुणा.

हा फरक कशासाठी? आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की दिवसा जमीन तापते व रात्री लवकर निवते. ढग आणि बाष्प असले की दोन्ही कमी होते. म्हणजे हा फरक उन्हाचा अप्रत्यक्ष मोजमाप ठरतो.

उदाहरणादाखल पनवेलला कमाल ३५ व किमान २६ अंश, तर सोलापूरला ४० व २४ अंश सेल्सिअस धरू. दोन्हीकडे मे महिन्यात सौर ऊर्जा सुमारे १६ मिलिमीटर येते. उत्तरे येतात ५.३ आणि ७.३ मिलिमीटर. सरासरी तापमानांत जेमतेम दीड अंशाचे अंतर, पण एका गुंठ्यामागे रोज सुमारे २०० लिटरचा फरक! नुसत्या सरासरीवर विसंबलो असतो, तर तो दिसलाच नसता.

मात्र सावध राहायला हवे. हे उत्तर आखूड, हिरव्या गवताचे आहे. पीक व त्याची वाढ पाहून ते कमी-जास्त करावे लागते. दमट हवेत सूत्र जास्त आकडा देते, जोराच्या वाऱ्यात कमी. शिवाय किनाऱ्यालगत लख्ख ऊन असूनही समुद्र तापमानातील फरक आवरून धरतो.

म्हणून एक प्रयोग सुचवतो. उघड्यावर पसरट, सरळ कडांचे भांडे पाण्याने भरून ठेवा व रोजची घट पट्टीने मोजा. ही घट गवताच्या गरजेपेक्षा सहसा जास्त येते. पण महिनाभर दोन्ही आकडे शेजारी मांडले, तर आपल्या गावात सूत्र कधी चुकते, हे विद्यार्थ्यांनाच उमगेल.