बलकाचं पिल्लू होत नाही

"मी अंड्यातलं पांढरं तेवढंच खातो, पिवळ्यात पिल्लू असतं." चांगल्या शिकल्या-सवरलेल्या माणसांच्या तोंडून हे ऐकलं की चीड येते. पिवळा बलक म्हणजे पिल्लू नव्हे. तो पिल्लाचा खाऊ आहे.

मग पिल्लू कुठून येतं? कच्चं अंडं बशीत फोडून नीट पाहा. बलकावर तीन-चार मिलिमीटरचा पांढुरका ठिपका दिसेल. अंडं फळलेलं असेल तर पिल्लू या ठिपक्यातून घडतं. हे आजचं ज्ञान नाही. पिल्लाची सुरुवात याच ठिपक्यातून होते, असं विल्यम हार्वे यांनी 1651 साली ग्रंथात लिहून ठेवलं. बलक हे पिल्लाचं अन्न असून ते बेंबीवाटे मिळतं, हे तर अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

अंडं उबेला ठेवलं की ठिपक्यातून एक पातळ पडदा बलकावर पसरू लागतो. चौथ्या दिवशी पाहिलं तर त्यात तांबड्या रक्तवाहिन्यांचं जाळं आणि मध्ये धडधडणारं इवलंसं हृदय दिसतं. या वाहिन्या बलकातली चरबी, प्रथिनं, जीवनसत्त्वं पिल्लापर्यंत नेतात. वाढीला लागणारी बहुतेक सगळी ऊर्जा या चरबीतून येते. पांढऱ्यातून पाणी आणि प्रथिनं मिळतात, तर हाडांसाठीचं बरंचसं कॅल्शियम कवचातून.

विसाव्या दिवसाच्या सुमारास उरलेला बलक बेंबीतून पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं. या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस तग धरतं. म्हणूनच हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं दूरवर पाठवता येतात.

आता बाकीचे गैरसमज:

बाजारातल्या अंड्यातून पिल्लू निघेल? लेयर फार्मवर कोंबडाच नसतो, त्यामुळे ती अंडी फळलेली नसतात.

रक्ताचा ठिपका म्हणजे गर्भ? नाही, अंडं तयार होताना कोंबडीची बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते.

पांढऱ्या दोऱ्या म्हणजे नाळ? नाही, बलक मधोमध राहावा म्हणून त्या असतात.

गडद बलक जास्त पौष्टिक? रंग मका, झेंडू अशा खाद्यातून येतो. त्यावरून पौष्टिकता ठरत नाही.

पोटात बलक आहे म्हणून पिल्लांना खाद्य उशिरा दिलं तरी चालतं? मुळीच नाही. ती शिदोरी अडचणीपुरती असते. पिल्लं घरी आली की आधी पाणी, लगेच खाद्य.