हृदयाचे चेतातंतू : वाहक उलटा फिरतो तेव्हा

मागच्या भागात करोनरी धमनीत गुठळी अडकल्यावर हृदयस्नायूची उपासमार कशी सुरू होते ते पाहिलं. त्याच वेळी त्या स्नायूत शिरलेल्या अनुकंपी (सिम्पथेटिक) चेतातंतूंचीही उपासमार होते. हार्ट अटॅकच्या पहिल्या तासात माणूस अचानक का दगावतो, याच्या उत्तराचा मोठा भाग या तंतूंमध्ये आहे, आणि त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

या तंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्यांमध्ये नॉरअ‍ॅड्रेनॅलिन साठवलेलं असतं. धावत लोकल पकडताना मेंदूकडून संदेश येतो, पिशव्या थोडं रसायन बाहेर सोडतात, ठोके वाढतात. काम झालं की तंतूच्या आवरणातलं एक वाहक प्रथिन त्यातलं बरंचसं परत आत ओढून घेतं. या परतीच्या वाटेचा शोध ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड यांचा. १९७० च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

रक्त थांबल्यावर पहिली दहाएक मिनिटं ही व्यवस्था तग धरते. वेदना आणि भीतीमुळे मेंदूचे संदेश वाढलेले असतात, पण उपाशी पेशींतून बाहेर पडणारं अ‍ॅडेनोसिन पिशव्यांना लगाम घालतं, आणि सुटलेलं रसायन वाहक अजून आत नेत असतो.

त्यानंतर मात्र चित्र पालटतं. पिशव्यांमध्ये रसायन कोंडून ठेवायलाही ऊर्जा लागते. ती संपली की नॉरअ‍ॅड्रेनॅलिन पिशव्यांतून तंतूच्या आतल्या द्रवात झिरपतं. सोडियम बाहेर फेकणारा पंपही मंदावतो आणि तंतूत सोडियम साचतं. वाहक चालतो तो सोडियमच्या ओढीवर. वाशी-नेरूळच्या रहिवाशांना खाडीकाठचे धारण तलाव माहीत आहेत : झडप निकामी असेल तर पाणी कुठल्या दिशेला जाईल, हे फक्त दोन्हीकडची पातळी ठरवते. इथेही तेच होतं. आतली पातळी चढली की रसायन आत आणणारा वाहकच ते बाहेर ओतू लागतो. यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही, नेहमीच्या स्रावाला लागणारं कॅल्शियमही लागत नाही.

जर्मनीत हायडेलबर्ग इथे आल्बर्ट शोमिग आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात उंदरांच्या हृदयांवर हे दाखवून दिलं. रक्त थांबल्यावर १५-२० मिनिटांत त्या भागातल्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचं प्रमाण रक्तातल्या नेहमीच्या प्रमाणाच्या शंभर ते हजार पट होतं. वाहक रोखणारं डेसिप्रामिन दिल्यावर ही गळती घटली आणि ठोक्यांची घातक अनियमितताही कमी झाली. माझ्या मते या सगळ्या संशोधनातला सर्वांत बोलका पुरावा हाच. साधारण ४० मिनिटांनंतर तंतूच तुटू लागतात आणि उरलंसुरलं रसायनही सांडतं.

एवढं रसायन वाहून न्यायला तिथे रक्तच नसतं, म्हणून ते त्याच जागी साचतं. हृदयाचा एक तुकडा अतिउत्तेजित आणि शेजारचा शांत, अशा अवस्थेत विद्युतलहर वाट चुकते आणि ठोक्यांऐवजी हृदयाचं नुसतं घातक कंपन सुरू होऊ शकतं. छातीत कळ आल्यावर ‘गॅस असेल, थोडं थांबू’ म्हणत काढलेली वीस मिनिटं नेमकी या काळात मोडतात. कृपा करून थांबू नका, १०८ ला फोन करा.

हाच वाहक तंतूंचा फोटो काढायलाही उपयोगी पडतो. एमआयबीजी हे नॉरअ‍ॅड्रेनॅलिनसारखं दिसणारं रसायन तो आपलंच समजून आत घेतो. त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडलं की जिवंत तंतू स्कॅनवर उजळतात. वाशीतली ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था आयोडीन-१३१ जोडलेलं एमआयबीजी देशातल्या रुग्णालयांना पुरवते, मुख्यतः अ‍ॅड्रीनल ग्रंथीच्या गाठी आणि लहान मुलांमधल्या न्यूरोब्लास्टोमासाठी. हृदयाच्या स्कॅनसाठी आयोडीन-१२३ अधिक सोयीचं, पण त्याला सायक्लोट्रॉन लागतो आणि दर १३ तासांनी ते निम्मं होतं.

अटॅकनंतरच्या अशा स्कॅनमध्ये तंतू गेलेला भाग स्नायूच्या व्रणापेक्षा मोठा दिसतो. चेतातंतू स्नायूपेक्षा नाजूक असल्याने, अँजिओप्लास्टीने वाचलेल्या स्नायूच्या काठावरही ते मेलेले असतात. असा तंतूविना उरलेला स्नायू रक्तातून येणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनला जास्तच प्रतिसाद देतो. तिथे बीटा-ब्लॉकर काय काम करतात, ते पुढच्या आठवड्यात.