सशाने खाल्लेल्या पिकाचा हिशेब

वन्य प्राण्यांमुळे होणाऱ्या शेतीच्या नुकसानीची चर्चा निघाली की रानडुक्कर, रोही, माकड यांची नावे पुढे येतात. ससा या नामावळीत सहसा नसतो. एक तर तो लहान. शिवाय तो रात्री चरतो आणि दिवसा झुडपाआड निपचित पडून राहतो. परंतु कोरडवाहू भागात सोयाबीन, हरभरा, भुईमूग ही पिके दोन-चार पानांवर असताना त्याने खुडली, तर त्या ओळी बहुधा पुन्हा उभ्या राहत नाहीत. डुकरांनी लोळवलेला ऊस कोणालाही दिसतो. सशाने खुडलेले रोप मात्र ‘उगवण विरळ’ या सदरात जमा होते.

या हानीचे मोल खाल्लेल्या पाल्याच्या वजनावरून ठरत नाही. बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च तोपर्यंत होऊन गेलेला असतो, आणि वाफसा निघून गेल्यावर केलेली दुबार पेरणी पहिलीची बरोबरी करीत नाही. त्यात लहान शेतकऱ्यावर भार अधिक पडतो. एक हेक्टरच्या चौरस शेताला ४०० मीटर कुंपण लागते. चार हेक्टरला ८०० मीटर. क्षेत्र चौपट, पण खर्च केवळ दुप्पट. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. म्हणजे ज्याची ऐपत कमी, त्यालाच दर हेक्टरी कुंपण महाग पडते.

मग ससे मारावेत काय? कायदा त्याला परवानगी देत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात परवाना घेऊन काही प्राण्यांची शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. हे योग्यच झाले. ससा हे कोल्ह्याचे, लांडग्याचे, गरुडाचे भक्ष्य आहे. माळराने नांगरली गेली आणि हे शिकारी हटले, तर सशांवरचा निसर्गाचा अंकुशही सैल होणार.

तथापि, संरक्षण ही समाजाने स्वीकारलेली जबाबदारी असेल, तर तिचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसावा? अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न एवढाच आहे. लाभ सर्वांचा आणि तोटा एकाचा, ही वाटणी न्याय्य नाही. शिवाय ती टिकाऊही नाही. नुकसान निमूटपणे सोसणारा शेतकरी उद्या फासे लावणाऱ्याकडे काणाडोळा करू लागतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वन्य प्राण्यांमुळे होणारे पीकनुकसान २०२६ च्या खरिपापासून पीकविम्याच्या अतिरिक्त संरक्षणात घेण्याचे जाहीर केले. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत, छायाचित्रांसह द्यावयाची आहे. प्राण्यांची यादी मात्र राज्यांनी ठरवावयाची आहे. खरी कसोटी येथेच आहे. यादी मोठ्या प्राण्यांपुरतीच राहिली, तर सशाचे नुकसान पुन्हा हिशेबाबाहेर राहील.

केवळ यादीत नाव घालूनही भागणार नाही. पंचनामा पेरणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच झाला पाहिजे. पुढे पुरावा उरत नाही. रोख रकमेची वाट पाहावयास लावण्यापेक्षा दुबार पेरणीचे बियाणे तत्काळ मिळणे अधिक उपयोगाचे. रोपवाटिका व भाजीपाला यांसाठी बुटक्या जाळीला अनुदान द्यावे आणि लगतच्या शेतांना मिळून एकच कुंपण घालता यावे. वन्यजीवांचे रक्षण कायद्याने होते, हे खरे. पण ते टिकते शेजारच्या शेतकऱ्याच्या संमतीवर. ती संमती फुकट मिळत राहील, असे शासनाने गृहीत धरू नये.