पाळीचा हिशेब आणि संगणकाची रीत

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसकऱ्याचा एक प्रश्न कायम आहे : माझी तोड केव्हा? लागणीच्या तारखेप्रमाणे पाळी, हे त्याचे साधे उत्तर. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी पक्व होतो, सुरू बाराएक महिन्यांनी, खोडवा त्याहूनही लवकर. तोड लांबली की वजन आणि उतारा दोन्ही घटतात. ही पाळी लावण्याचे काम संगणकाकडे सोपवावयाचे झाले, तर अनेक रीतींतून एक निवडावी लागते. ती कोणत्या मापाने निवडावयाची?

दहा हजार नोंदी तारखेनुसार लावावयाच्या आहेत असे समजू. हातातले पत्ते लावावेत तशी एकेक नोंद योग्य जागी खोवीत गेल्यास सरासरी अडीच कोटी तुलना कराव्या लागतात. गठ्ठ्याचे निम्मे-निम्मे भाग लावून ते जुळवीत गेल्यास सव्वा लाखाच्या आसपास. फरक प्रचंड खरा. परंतु आजच्या यंत्राला अडीच कोटी तुलना म्हणजे क्षणभराचे काम. दिवसातून एकदा करावयाच्या कामात तो क्षण वाचवून कोणाचे भले होणार?

दुसरे माप थॉमस मकेब यांनी १९७६ साली मांडले. आज्ञावलीत 'असे असेल तर' अशी वळणे किती, ती मोजून त्यात एक मिळवावयाचा. हा आकडा दहाच्या आत असावा, असे त्यांनी सुचविले. (पुढच्याच वर्षी हॉलस्टेड यांनी चिन्हांची मोजदाद सुचविली, आपल्या प्रश्नाला तिचा फारसा उपयोग नाही.) केवळ तारीख पाहणाऱ्या रीतीत वळणे दोन-तीनच. मग उसाची जात येते, पक्वता येते, रस्त्याची अडचण येते, जळालेला ऊस येतो. यातली बहुतेक वळणे न्याय्यच आहेत. जळालेला ऊस पाळीसाठी थांबविणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. मात्र प्रत्येक वळण ही एखाद्याचे नाव गुपचूप पुढे सरकविण्याचीही जागा असते. मकेब यांचा आकडा बऱ्या-वाईट वळणांत भेद करीत नाही. तपासणाऱ्याला किती स्वतंत्र वाटा चालून पाहाव्या लागतील, एवढेच तो सांगतो. सभासदाला तेवढेही पुष्कळ आहे.

पक्वता पाहून तोड लावणारी रीत उतारा खरोखर वाढवीत असेल, तर तिची वळणे जरूर सोसावीत. परंतु उतारा किती वाढला आणि वळणे किती वाढली, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडल्याविना संचालक मंडळाने खरेदीचा ठराव करू नये. आणि वळणांची यादी स्वच्छ मराठीत लिहून गट कार्यालयाच्या फळ्यावर लावावी. वेगाचा आकडा तिच्याखाली लिहिला तरी चालेल.